कंट्रोलचे गोळे आकसतात तेव्हा: रोजच्या स्फेरॉइड इमेजिंगमधला मे महिन्याचा घोळ

लक्षणं आधी सांगते, म्हणजे ज्यांचा घोळ वेगळा आहे त्यांचा वेळ जाणार नाही.

९६ वेलच्या (वेल म्हणजे छोटा खळगा) गोल बुडाच्या, पेशी चिकटू न देणाऱ्या प्लेटमध्ये ट्यूमरचे स्फेरॉइड, म्हणजे पेशींचे बारीक गोळे, वाढवले आहेत. प्रत्येक वेलमध्ये एक गोळा आणि २०० मायक्रोलिटर मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव. रोज सकाळी खालून बघणाऱ्या इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपवर ब्राइटफील्ड (साध्या उजेडातला) फोटो, आणि दर दोन-तीन दिवसांनी वरून ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) स्कॅन. पहिले चार दिवस आलेख छान चढतो. मीडियम बदललं की ओसीटीचा आकडा खाली येतो, दोन दिवसांत सावरतो, पुन्हा मीडियम बदललं की पुन्हा खाली. करवतीचे दात. ब्राइटफील्डचे आकडे तर एखाद्या दिवशी उगाचच सगळ्या प्लेटभर पडतात. कडेच्या रांगांमधले गोळे एकदा लहान व्हायला लागले की परत वर येतच नाहीत. आणि हे सगळं औषध दिलेल्या वेलमध्येच होतं असं नाही, औषध न दिलेल्या कंट्रोलमध्येही होतं.

आमच्याकडे नागपुरात हे मार्चअखेरीस सुरू होतं, नवतपात कळस गाठतं आणि पावसाळा लागला की आपसूक निवळतं. दोन उन्हाळे आम्ही "सेल लाइन म्हातारी झाली" असं म्हणून नायट्रोजनच्या टाकीतून गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल (कुपी) काढली. नवी व्हायल वाढून प्रयोगाला लागेपर्यंत जून उजाडायचा, घोळ मिटायचा, आणि श्रेय व्हायलला मिळायचं. तिसऱ्या वर्षी नव्यानं आलेल्या मुलीनं आलेख पुढे केला. "ताई, ज्याले औषध दिलंच नाही, ते काहून आकसून राहिले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही बसलो शोधायला.

पहिली तपासणी: न वाढणारा साक्षीदार

एकाच दिवसाच्या फोटोत मोजमापाची चूक असली तरी फारसं बिघडत नाही, कारण सगळ्या वेलना ती सारखीच लागते. रोजच्या मालिकेत मात्र चूक रोज तेवढीच राहिली तरच चालते. ती कमी-जास्त होऊ लागली की वाढ किंवा घट म्हणून आलेखात शिरते आणि वरून जीवशास्त्रासारखीच दिसते. म्हणून प्लेटमध्ये अशी एक गोष्ट हवी जी वाढतही नाही आणि मरतही नाही.

पेशी फोडायला वापरतात ते ०.५ मिलिमीटरचे काचेचे मणी बहुतेक लॅबमध्ये कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. ते धुवा, ऑटोक्लेव्ह करा, आणि मायक्रोस्कोपखाली बघून खरोखर गोल असलेले निवडा, कारण बाटलीतले बरेच मणी बटाट्यासारखे असतात. प्रत्येकाचा व्यास कोरड्या स्लाइडवर स्टेज मायक्रोमीटरशी (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडशी) ताडून लिहून ठेवा. बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका. मग एक मणी कोपऱ्याजवळच्या वेलमध्ये, एक कडेच्या रांगेच्या मध्यावर आणि एक प्लेटच्या मधोमध, असे तीन टाका. या वेलमध्ये पेशी नसल्या तरी पीबीएस (साधं मिठाचं बफर द्रावण) न घालता सीरम असलेलं तेच मीडियम, तेवढंच घाला. सीरममधल्या प्रथिनांमुळे द्रवाचा पृष्ठताण बदलतो, आणि पुढे कळेल की सगळा खेळ त्या पृष्ठभागाचाच आहे.

ब्राइटफील्डसाठी काचेचा मणी तितका कामाचा नाही. त्याची कड काळीकुट्ट असते आणि गोळ्याची कड धूसर, त्यामुळे सॉफ्टवेअर दोघांना वेगळं वागवतं. तिथे पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स केलेला, म्हणजे मारून आहे तसा टिकवलेला, एक स्फेरॉइड ठेवा. फिक्स होताना तो थोडा आकसतो, म्हणून मोजणी दुसऱ्या दिवसापासून धरा. फिक्सेटिव्ह चांगलं चार-पाच वेळा धुवून काढा. फॉर्मल्डिहाइडची वाफ होते, आणि आम्ही पहिल्यांदा धुण्यात कंजुषी केली तर शेजारच्या वेलमधले जिवंत गोळे त्याच्या संगतीला गेले.

आता रोज गोळ्यांसोबत साक्षीदारही मोजा. मणीसुद्धा "आकसला" तर दोष प्रकाशाच्या वाटेत आहे. मणी जागच्या जागी आणि गोळा मात्र लहान, तर गोळा खरंच लहान झालाय, पण त्याचं कारण औषधच असेल असं नाही. पुढचं सगळं या दोन फाट्यांवर आहे.

मणी आकसला: आधी पृष्ठभागाकडे बघा

ज्यांनी ओसीटी फक्त डोळ्यांच्या दवाखान्यात पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हे तेच तंत्र. १९९१ मध्ये एमआयटीतल्या गटानं ते मांडलं. यात रंग घालावा लागत नाही, गोळा कापावा लागत नाही. आतून परतलेला प्रकाश संदर्भकिरणाशी जुळवून कुठल्या खोलीवरून किती प्रकाश आला ते काढतात. ऊतीमध्ये साधारण १ ते २ मिलिमीटरपर्यंत दिसतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा स्फेरॉइड आरपार सापडतो. तोच गोळा उद्या, परवा, दहाव्या दिवशी पुन्हा बघता येतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आमचं यंत्र वरून बघतं. किरण हवेतून मीडियममध्ये शिरतो, आणि मीडियमचा पृष्ठभाग सपाट नसतो. वेलच्या भिंतीला धरून तो कडेनं चढतो आणि मध्ये वाटीसारखा खोलगट होतो. दहावीत अपवर्तन शिकलो, ते इथे उपयोगी पडतं. ही वाटी अंतर्गोल भिंगासारखी वागते आणि सरळ आलेले किरण आत शिरताना थोडे फाकवते. म्हणजे यंत्राला वाटतं आपण १ मिलिमीटर रुंदी स्कॅन केली, प्रत्यक्षात बुडाशी त्याहून जास्त रुंदी स्कॅन झालेली असते. परिणाम: बुडाशी बसलेला गोळा चित्रात लहान दिसतो. आणि द्रवाची उंची जितकी जास्त, तितके किरण बुडापर्यंत जास्त फाकतात, तितका गोळा लहान.

आता करवतीचे दात बघा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये एका वेलचं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मिलिमीटर असतं. ३० मायक्रोलिटर पाणी उडालं की पातळी जवळपास १ मिलिमीटरनं उतरते. वाटीची वक्रता-त्रिज्या १० मिलिमीटर धरली, तर या १ मिलिमीटरच्या फरकानं दिसणारा व्यास साधारण अडीच टक्क्यांनी बदलतो. अडीच टक्के किरकोळ वाटतात, पण आपण आलेखात व्यास घालत नाही, घनफळ घालतो, आणि घनफळात तोच फरक सात टक्क्यांच्या पुढे जातो. मीडियम आटत जातं तसतसा गोळा मोठा दिसतो, ताजं घालून वेल पुन्हा २०० वर आणला की एका फटक्यात लहान.

म्हणजे घसरण खोटी होतीच, पण आधीची चढणही थोडी खोटी होती. हे कळलं त्या दिवशी आम्ही तर्री पोहे अर्धवट टाकून मागच्या वर्षीच्या फाइली उघडून बसलो.

उपाय तीन, माझ्या पसंतीच्या क्रमानं. यंत्राला खालून स्कॅन करता येत असेल तर खालून करा. गोल बुडाचं प्लास्टिकही भिंगच आहे, पण त्याचा आकार रोज बदलत नाही. चूक असली तरी रोज तीच. खालून बघताना बुडाचं झळझळीत परावर्तन चित्र धुऊन काढतं, त्यासाठी प्लेट दोन-तीन अंशांनी कलती ठेवा. खालून जमत नसेल तर स्कॅन नेहमी मीडियम बदलण्याच्या आधी करा की नंतर, हे एकदाच ठरवा आणि मोडू नका. आणि यांपैकी काहीही केलं तरी मण्याचा मूळ व्यास भागिले त्या दिवशी दिसलेला व्यास हा गुणक काढून त्या दिवसाच्या आडव्या मापांना लावा. कडेच्या वेलना कडेच्या मण्याचा गुणक, मधल्यांना मधल्याचा.

उभ्या मापाचा घोळ वेगळा आणि सोपा आहे. ओसीटीला खोली म्हणजे प्रकाशाला लागलेलं अंतर, खरं अंतर काढायला ते अपवर्तनांकानं भागावं लागतं. पाण्याचा १.३३, पेशींच्या गोळ्याचा १.३७ ते १.४ च्या आसपास. आमच्या एका पोरानं नवं प्रोफाइल उघडलं, त्यात हा आकडा १ वर पडून होता, आणि आठवडाभर सगळे गोळे अंड्यासारखे उभट निघाले. मणी इथेही पकडतो: काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, त्यामुळे आकडा १ वर असेल तर ५०० मायक्रॉनचा मणी ७५० उंच दिसतो. मणी असा लांबट दिसला की सेटिंग बघा, पेशींना दोष देऊ नका.

झाकणावरची वाफ

ब्राइटफील्डच्या वेड्यावाकड्या दिवसांचं कारण हे निघालं. इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप खालून बघतो खरा, पण दिवा वर असतो. म्हणजे प्रकाश झाकणातून आणि त्या वाटीतून येतो. प्लेट ३७ अंशांवरून बाहेर येते, आत दमट हवा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, म्हणून खोलीत कुणीतरी एसी १८ वर लावलेला. झाकण गार पडतं आणि आतून दंव धरतं. मग प्रकाश विखुरतो, गोळ्याची कड फिकट होते, आणि सॉफ्टवेअर ठरलेल्या थ्रेशोल्डनं (किती गडद असेल तर गोळा धरायचा, ती मर्यादा) कड आत ओढून घेतं. ४ एक्स ऑब्जेक्टिव्ह आणि ६.५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल तर फोटोतला एक पिक्सेल सुमारे १.६ मायक्रॉन. दोन्ही बाजूंनी कड चार-चार पिक्सेल आत सरकली तर ४०० मायक्रॉनचा गोळा १३ मायक्रॉननं कमी भरतो. घनफळात नऊ टक्के. फिक्स केलेला साक्षीदारही त्या दिवशी तेवढाच "वाळतो", म्हणून पकडता येतं.

आमचा जुगाड असा. हिस्टोपॅथॉलॉजीवाल्यांकडे स्लाइड वॉर्मर असतो, तो मागून आणला. त्यावर ४० अंशांवर एक निर्जंतुक जादा झाकण ठेवायचं. फोटोच्या अगदी आधी हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) थंड झाकण काढून हे गरम झाकण लावायचं. काही मिनिटं दंव धरत नाही, तेवढ्यात अर्धी प्लेट होते, मग पुन्हा बदल. जुनं झाकण हूडमध्येच, तोंड खाली करून, कारण त्याच्यावरचं पाणी पुढे वजनात मोजायचंय. एसीही २५ वर आणला. त्यावरून रोज एक भांडण होतं, होऊ द्या. झाकणाला आतून डिटर्जंट-अल्कोहोल लावून दंव टाळायची युक्ती जीवाणूवाले वापरतात. आमच्या पेशींच्या डोक्यावर डिटर्जंट ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

फोकस रात्रभरात सरकत असेल तर तेही याच एसीचं पाप असण्याची शक्यता मोठी. एसी चालू-बंद होतो तसा स्टेजचा धातू थोडा फुगतो, आकसतो. एसीचा झोत मायक्रोस्कोपवरून वळवा, टाइमलॅप्स लावायच्या आधी दोन तास सगळं चालू ठेवून स्थिर होऊ द्या. वीज जाऊन आली असेल तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.

मणी जागेवर, गोळा मात्र लहान

आता खरं आकसणं. इथे पहिला संशय औषधावर न घेता पाण्यावर घ्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की कूलरची ताटी भिजत नाही तोवर सुकते. इनक्युबेटरचं, म्हणजे पेशी ठेवायच्या उबदार, दमट कपाटाचं, दार उघडलं की आतली दमट हवा बाहेर आणि ही कोरडी हवा आत. चार जणांचं एकच इनक्युबेटर, दिवसातून पंचवीसदा दार. तापमान पाच मिनिटांत सावरतं, पॅनलवर ३७ दिसतं, सगळे खूश. दमटपणा सावरायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि तो आमच्या पॅनलवर दिसतच नाही. त्यात मे म्हणजे लग्नसराई. दमटपणासाठीच्या ट्रेमध्ये पाणी भरणारे भाऊ सुट्टीवर, आणि शनिवार-रविवार ट्रे कोरडा ठणठणीत. सीताबर्डीतून एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणून आत ठेवला तेव्हा कळलं. त्याचा आकडा अगदी काटेकोर नसेल, पण सोमवारी सकाळी तो खाली पडलेला दिसतो एवढं पुरतं.

पाणी उडतं, मीठ राहतं. मीडियमची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, साधारण ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास असते. दहा टक्के पाणी गेलं की ती ३३० च्या पुढे. पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि गोळा आकसतो. कडेच्या वेलमध्ये सगळ्यात जास्त. औषधाच्या वेल तुम्ही सोयीसाठी कडेला लावल्या असतील तर अभिनंदन, तुमचं औषध फारच प्रभावी निघणार आहे.

याची चाचणी फुकट आहे: प्लेटचं वजन करा. ९६ वेल गुणिले २०० मायक्रोलिटर म्हणजे १९.२ ग्रॅम द्रव. रोज त्याच काट्यावर, त्याच झाकणासह, बाहेरून पुसून, झाकण बदलायच्या आधी. १ ग्रॅम घटला तर सरासरी पाच टक्के पाणी गेलं, आणि कडेला त्याहून जास्त. आमच्या वहीत आता तारखेच्या शेजारी प्लेटचं वजन हा रकानाच आहे. आणि बाहेरच्या ३६ वेलमध्ये (मणी असलेल्या सोडून) फक्त निर्जंतुक पाणी. प्रयोगाला साठच वेल उरतात म्हणून सगळे कुरकुरतात. मीही कुरकुरले होते.

पाण्याचा प्रश्न सुटल्यावरही गोळे लहान होत असतील तर दोन गोष्टी चटकन बघून घ्या. मीडियम बाहेर असताना गुलाबी-जांभळं पडतंय का? तसं असेल तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतोय. प्लेट कमी वेळ बाहेर ठेवा, एकदम सगळी करण्याऐवजी दोन खेपांत करा. हेपेस (पीएच धरून ठेवणारं रसायन) घालता येतं, पण हेपेस घातलेलं मीडियम उजेडात ठेवू नका, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं.

दुसरी गोष्ट उजेडच. रोज फ्लुओरेसन्सचा (पेशींतला रंग चमकवून फोटो घ्यायचा) निळा प्रकाश मारत असाल तर गोळे त्यानंही मरतात. यासाठी तीन वेल अशा ठेवा ज्यांचा फोटो फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी घ्यायचा. आम्ही त्यांना "बुरख्यातल्या" म्हणतो. त्या दहाव्या दिवशी रोज पाहिलेल्या कंट्रोलपेक्षा मोठ्या निघाल्या तर तुमचं बघणंच त्यांना भोवतंय.

दोन सापळे जे आकसण्याचे नाहीत, पण शेजारी बसतात

फ्लुओरेसन्समध्ये गोळ्याच्या मध्यभागी काळं दिसलं की पोरं लगेच "नेक्रोटिक कोअर" (मेलेला गाभा) लिहितात. मोठ्या गोळ्यांमध्ये तो असतो, कारण ऑक्सिजन पेशींच्या थरातून शे-दोनशे मायक्रॉनच्या पुढे फारसा पोहोचत नाही. पण साध्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा प्रकाशही आत जाता जाता विखुरतो, आणि रंगही कडेपासूनच मुरत जातो. ३०० मायक्रॉनच्या, धडधाकट, काहीही न दिलेल्या गोळ्यातही मध्यभाग काळा दिसतो. एक गोळा कापून रंगवून बघितल्याशिवाय त्याला मेलेला म्हणू नका.

उलट, औषध लागू पडल्यावर गोळा कधीकधी मोठा दिसतो. पेशी सुट्या होऊन कडेनं पिंजलेल्या कापसासारख्या सैल होतात आणि थ्रेशोल्ड त्यांनाही मोजतो. घनफळ वाढलं म्हणून औषध फसलं असं लिहिण्याआधी मूळ फोटो मोठा करून कड बघा. ओसीटीत हे लगेच कळतं, सैल थर फिका आणि आतला गाभा वेगळा दिसतो.

आता आमच्याकडे क्रम असा लागलाय: सकाळी वजन, मग गरम झाकण, मग साक्षीदारांचे फोटो, आणि साक्षीदार ठरलेल्या मापाच्या एक टक्क्यात बसले तरच बाकीची प्लेट. नाही बसले तर प्लेट परत आत आणि वहीत लाल शेरा. ट्रेचं पाणी सोमवार आणि गुरुवारी, ज्याचं नाव दारावर लिहिलंय त्यानं. या मेमध्ये करवतीचे दात दिसले नाहीत. कडेच्या मण्याचा गुणक दोनदा एक टक्क्याबाहेर गेला, दोन्ही वेळा रविवारनंतर, आणि दोन्ही वेळा दारावर माझंच नाव होतं.